मुलांचं गेममधलं नाव आजच बदला

आज रात्री जेवणं उरकली की एक काम करा. मुलाच्या, मुलीच्या शेजारी जाऊन बसा. मोबाइल हिसकावू नका. 'आण इकडे' म्हणू नका. नुसतं विचारा, 'गेममध्ये तुझं नाव काय आहे? दाखव की.' मूल दाखवील. मग ते नाव सावकाश वाचा. आई म्हणून नको, बाबा म्हणून नको. तुमच्या लेकराला कधीही न भेटलेला माणूस ते जसं वाचेल, तसं वाचा.

समजा, नाव आहे 'ओंकार_पाटील_२०१२_एमएच०९'. हे नाव मी इथे उदाहरणासाठी जुळवलंय, पण या धाटणीची नावं मुलांच्या खेळांत पैशाला पासरी आहेत. आता वाचा. मुलगा आहे. आडनाव पाटील. जन्म २०१२ चा, म्हणजे आठवी-नववीत असणार. आणि एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, हे गाड्यांच्या पाट्या वाचणारं शेंबडं पोरही सांगेल. ओंकारने अजून कुणाशी एक शब्द बोललेला नाही. तरी समोरच्याला एवढं कळलं. आता तो लिहितो, 'अरे, तू पण कोल्हापूरचा? मी रंकाळ्यापाशी राहतो. शाळा कुठली तुझी?' ओंकारला वाटतं, गाववाला भेटला. गाववाल्याशी बोलायला कोण कचरतं? तो शाळा सांगतो. क्लास सांगतो. सुटायची वेळ सांगतो.

म्हणून आधी नाव बघा. उद्या नको. आज रात्रीच बघा.

आता एक खरी घडलेली गोष्ट. ३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईत, राज्याच्या पोलीस मुख्यालयात, सायबर जनजागृती महिन्याचं उद्घाटन होतं. अभिनेते अक्षय कुमार यांनी तिथे आपल्या घरात घडलेली गोष्ट सांगितली. त्यांची तेरा वर्षांची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती, एका अनोळखी माणसाबरोबर. सुरुवातीला सगळं गोड चाललं होतं, खेळाचं कौतुक वगैरे. मग प्रश्न आला, कुठून आहेस? मग पुढचा, मुलगा की मुलगी? मुलगी आहे असं कळल्यावर त्याने सरळ नग्न फोटो मागितले. मुलीने खेळ बंद केला आणि आईला जाऊन सांगितलं. सातवी ते दहावीच्या मुलांना दर आठवड्याला एक सायबरचा तास असावा, अशी मागणी त्यांनी त्याच व्यासपीठावरून मुख्यमंत्र्यांकडे केली.

त्या दोन प्रश्नांकडे बघा. कुठून आहेस? मुलगा की मुलगी? त्या माणसाला निदान हे विचारावं तरी लागलं. तुमच्या घरातल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन बसलं असेल, तर? समोरच्याचे दोन प्रश्न वाचले. आणि मूल सावध व्हायची जी दोन वळणं होती, तीही गेली.

तुम्ही म्हणाल, मुलांनी असं नाव ठेवलंच कशाला? रागावण्याआधी जरा आठवून बघा. बालवाडीत असल्यापासून आपण त्यांना काय शिकवलं? पाहुणे आले की, 'नाव सांग बाळ. असं नाही, पूर्ण नाव सांग.' मग स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, गाव. एका दमात म्हटलं की शाबासकी. गावी गेलं तर पारावरचा म्हातारा विचारणारच, 'कुणाचा रे तू?' आणि उत्तर नीट आलं नाही तर लाज आपल्याला. मग २०२० साली शाळा बंद पडल्या आणि दुसरी-तिसरीतल्या पोरांच्या हातात मोबाइल आला. ऑनलाइन वर्गात बाईंना हजेरी घ्यायची असे. पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक लिहा, नाहीतर आत घेणार नाही. पोरांनी लिहिलं. त्याच मोबाइलवर, त्याच दुपारी, त्याच नावाने गेमचं खातंही उघडलं. ती पोरं आज आठवी-नववीत आहेत. खातं तेच आहे. नावही तेच आहे. त्यांनी आगाऊपणा केलेला नाही. आपण शिकवलं तसंच केलंय.

तेव्हा ओरडू नका. मोबाइल फेकून देण्याची धमकी तर मुळीच देऊ नका. एकदा तशी धमकी दिलीत, की पुढे काही वावगं घडल्यावर मूल तुमच्याकडे येणार नाही. अक्षय कुमारांच्या मुलीने आईला सांगितलं, म्हणून ती गोष्ट तिथेच संपली. तुमच्या मुलांनाही तेवढी मोकळीक हवी. ती आज रात्रीपासून द्या.

नावाचं इतकं काय मोठं, असं अजून वाटत असेल तर हे वाचा. मुलांना फसवणारा माणूस पहिल्या दिवशी धमकी देत नाही. तो आधी जिंकायला मदत करतो. स्किन, म्हणजे गेममधला पोशाख, भेट देतो. मग दुसऱ्या ॲपवर बोलावतो. एखादा फोटो मिळवतो, कधी खरा, कधी मुलाच्या साध्या फोटोवरून तयार केलेला. आणि मग म्हणतो, 'पैसे पाठव, नाहीतर हा तुझ्या पप्पांना पाठवीन.' त्याच्याकडे वडिलांचं नाव नसेल, गाव नसेल, शाळा नसेल, तर ही धमकी पोकळ आहे. मूल खातं बंद करून मोकळं होईल. पण त्याने वडिलांचं नाव घेतलं, शाळेचं नाव घेतलं, की पोराच्या पायाखालची जमीन सरकते. ते जेवत नाही. अभ्यासाला बसत नाही. रात्री उठून मोबाइल बघतं. घरात कुणाला कळत नाही. आई म्हणते, वयच असं आहे.

हे तुमच्या घरी व्हायला नको. म्हणून धमकीला धार देणारी माहिती आजच काढून घ्या. वडिलांचं नाव काढा. आडनाव काढा. साल काढा. एमएच काढा.

आता कसं काढायचं ते सांगते. घाबरू नका, दहा मिनिटांचं काम आहे, आणि मुलाला ते तुमच्यापेक्षा चांगलं येतं. फक्त दर खेळाची तऱ्हा वेगळी, तेवढं ध्यानात घ्या.

रोब्लॉक्समध्ये दोन नावं असतात. एक डिस्प्ले नेम, खेळताना डोक्यावर दिसतं ते. ते फुकट बदलता येतं, सात दिवसांतून एकदा. दुसरं यूजरनेम, खात्याचं मूळ नाव. ते बदलायला १,००० रोबक्स लागतात, म्हणजे खरे पैसे. पुष्कळ मुलं डिस्प्ले नेम बदलतात आणि म्हणतात, झालं. झालेलं नसतं. प्रोफाइल उघडलं की मूळ नाव खाली तसंच दिसतं. आणि पैसे भरून यूजरनेम बदललं, तरी जुनी नावं प्रोफाइलवर बघता येतात. त्यामुळे रोब्लॉक्सच्या यूजरनेममध्येच मुलाचं पूर्ण नाव असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे. नवं खातं उघडा. जुन्यातल्या वस्तू जातील, मूल हिरमुसेल, कदाचित रडेल. समजूत घाला. हवं तर त्या वस्तूंपैकी एखादी वाढदिवसाला घेऊन द्या. पण खातं नवं करा. आणि उघडताना वय खरं घाला. वय वाढवून सांगितलं की लहान मुलांसाठी लावलेली बंधनं उठतात.

फ्री फायर मॅक्समध्ये नाव बदलायला ३९० डायमंड, म्हणजे त्या गेममधलं चलन, पडतात, नाहीतर नेम चेंज कार्ड मिळवावं लागतं. बीजीएमआयमध्ये रिनेम कार्ड लागतं. मुलाच्या इन्व्हेंटरीत ते पडून असण्याची शक्यता बरीच आहे, कारण सुरुवातीच्या पातळ्या पार केल्या की ते बक्षीस म्हणून मिळतं. तेवढं शोधा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत नाव फुकट बदलतं, महिन्याकाठी एकदा. फोर्टनाइटमध्ये दोन आठवड्यांनी एकदा. प्लेस्टेशनवाल्यांना तर २०१९ च्या एप्रिलपर्यंत नाव बदलायची सोयच नव्हती. लहानपणी घेतलेलं नाव जन्मभर. आता पहिला बदल फुकट आहे, पुढच्यांना पैसे पडतात. कॉलेजातल्या मुलाच्या स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या खेळांच्या दुकानावर, लॉगिनचं नाव बदलत नाही, पण लोकांना दिसणारं प्रोफाइलचं नाव केव्हाही बदलता येतं. तिथे जुन्या नावांची यादी दिसते, आणि ती पुसायची सोय तिथेच आहे. पुसा.

इथे एक क्षण थांबा. सगळ्यात मोठा खड्डा याच वाटेवर आहे.

मुलाला नाव बदलायचंय. ३९० डायमंड हवेत. तुमच्याकडे मागायची त्याला हिंमत होत नाही. मग ते यूट्यूबवर शोधतं, 'फ्री डायमंड', 'फ्री रोबक्स', 'फुकट नेम चेंज'. एक लिंक मिळते. लिंक म्हणते, आयडी टाक, पासवर्ड टाक, आणि पप्पांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाक. पोर टाकतं. खातं गेलं. कधी त्याबरोबर घरातल्या खात्यातले पैसेही गेले. नीट ऐका आणि मुलालाही ऐकवा. फुकट डायमंड नसतात. फुकट रोबक्स नसतात. नाव बदलायची सोय फक्त गेमच्या आत किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर असते, असल्या कुठल्याही लिंकवर नसते. 'कस्टमर केअर' म्हणून फोन आला तर ठेवून द्या. पैसे लागणार असतील तर तुम्ही द्या, तुमच्या डोळ्यांदेखत, गेममधूनच. दोन वेळच्या पिझ्झाचे पैसे नसतील ते. द्या.

आता नवं नाव. ते मुलालाच ठरवू द्या. तुम्ही सुचवलेलं नाव ते ठेवणार नाही, आणि ठेवलं तर आठवड्यात बदलेल. तुम्ही फक्त कुंपण घाला. खरं नाव नको, आडनाव नको, घरातलं लाडाचं नावही नको. जन्माचं साल नको, तारीख नको. गाव, पेठ, एमएच नको. शाळा, क्लास नको. मोबाइलचे शेवटचे आकडे नकोत. इन्स्टाग्रामवर जे नाव आहे तेच इथे नको, कारण एकच नाव दोन ठिकाणी असलं की शोधणाऱ्याला एका झटक्यात फोटो, मित्र, वाढदिवस सगळं मिळतं. एवढं पाळून मग काय हवं ते. कडक_चहा. टपोरा_पेरू. झोपाळू_घुबड. भाचरांच्या टोळीने मिळून ठरवलेलं एखादं अचाट काहीतरी. हसू द्या त्यांना. नाव बदलणं ही शिक्षा वाटता कामा नये.

मुलींच्या आईबापांशी थोडं वेगळं बोलायचंय. नावावरून मुलगी आहे असं कळलं, की लॉबीत, म्हणजे खेळाआधी सगळे जमतात तिथे, काय सुरू होतं ते तुमच्या लेकीला विचारा. 'खरंच मुलगी आहेस? माइक चालू कर.' कितीतरी मुली म्हणूनच मुलाचं नाव घेऊन खेळतात आणि माइक बंद ठेवतात. हा अन्याय आहे. चूक त्यांची काडीइतकीही नाही. तिने आपलं नाव अभिमानाने लिहावं आणि कुणी वाकडं बोलू नये, असंच असायला हवं. पण ते होईपर्यंत तुमची लेक रोज संध्याकाळी त्या लॉबीत जातेय. तिला झोपाळू_घुबड होऊ द्या. आणि हे तिच्या चुकीमुळे नाही, हे तिला शब्दांत सांगा. गृहीत धरू नका, सांगा.

माइकचं निघालंय तर तेही बघा. नाव बदललं आणि माइक चालू, तर तुम्ही स्वयंपाकघरातून मारलेली हाक बरोबर खेळणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाते. 'ओंकाऽर, क्लासला उशीर होतोय, साडेसहा वाजले!' नाव गेलं, वेळही गेली. मूल हेडफोन लावून बसलं असेल तर हाक मारू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा.

हे सगळं फाजील भय आहे, असं म्हणणारे घरात कुणीतरी असतीलच. त्यांना २०१० सालची एक हकिकत सांगा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा अतिशय लोकप्रिय खेळ काढणाऱ्या अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीने त्या जुलैत जाहीर केलं, की आमच्या चर्चापानांवर यापुढे खेळाडूंची खरी नावं दिसतील. त्याने लोक नीट वागतील, असा त्यांचा हेतू. खेळाडू खवळले. त्यांत मोठी माणसं होती, नोकरदार होती. खऱ्या नावाने काही बिघडत नाही हे दाखवायला कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने आपलं खरं नाव तिथे लिहिलं. बघता बघता लोकांनी त्याचा फोन, पत्ता, घरच्यांची माहिती शोधून काढली. एवढ्या एका नावावरून. तीन दिवसांत कंपनीने बेत मागे घेतला. जाणत्या माणसाला जे झेपलं नाही, त्याची अपेक्षा आपण आठवीतल्या पोराकडून करतो.

कायदा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. पण कायदा कंपनीला बांधतो. तुमच्या मुलाने स्वतःच्या हाताने डोक्यावर लिहिलेलं नाव कायदा पुसायला येणार नाही. ते तुम्हीच पुसायचं.

आणि तुम्ही, कॉलेजातल्या दादांनो, ताईंनो. तुम्ही खेळता, आम्हाला ठाऊक आहे. आईबापांना यातलं निम्मं कळत नाही, तुम्हाला सगळं कळतं. आज धाकट्या भावाचं नाव बदलून द्या. मामाच्या घरी गेलात की मामेभावांची खाती बघा. लॉबीत एखादं पोर पूर्ण नाव आणि एमएच लावून फिरताना दिसलं, तर चिडवू नका. 'भावा, नाव बदल, सगळं दिसतंय,' एवढं लिहा आणि पुढे व्हा. त्याची शाळा विचारू नका, तुमचा हेतू चांगला असला तरी. शिक्षकांनो, संगणकाच्या एका तासाला हेच काम घ्या. शाळेच्या नावाचे गिल्ड आणि क्लॅन, म्हणजे गेममधले खेळाडूंचे गट, बंद करायला सांगा. एका मुलाने नाव बदललं आणि त्याच्या गिल्डवर शाळेचं नाव झळकत राहिलं, तर बदलून काय उपयोग?

सुट्टी लागली की हे आणखी तातडीचं होतं. नवी खाती सुट्टीतच निघतात, दुपारी, मोठी माणसं झोपलेली असताना, आणि एका चुलत भावाने नाव लावलं की बाकीचे तसंच लावतात. सुट्टी लागण्याआधी बोला.

काही घडून गेलं असेल तर? कुणी फोटो मागितला असेल, धमकावलं असेल, पैसे घेतले असतील? मुलाला जवळ घ्या. 'तू का केलंस' हा प्रश्न गिळा. संदेश पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, समोरच्याचं गेममधलं नाव आणि आयडी लिहून घ्या, मगच त्याला ब्लॉक करा. एक पैसाही पाठवू नका, एकदा दिला की मागणी वाढते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत, मूल स्वतःसुद्धा लावू शकतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांशी संबंधित तक्रार आपलं नाव न देताही करता येते. जवळचं पोलीस ठाणं आहेच. अब्रूच्या भीतीने गप्प बसू नका. त्या माणसाचा सगळा धंदा तुमच्या गप्प बसण्यावर चालतो.

आणि ज्यांच्या घरी अजून काही घडलेलं नाही, त्यांनी उठा. नाव बदला. बदलून झालं की गेममधून बाहेर पडा, तुमच्या स्वतःच्या मोबाइलवरून मुलाचं जुनं नाव शोधा. गूगलवर शोधा, यूट्यूबवर शोधा, इन्स्टाग्रामवर शोधा. जुन्या स्कोअरचा फोटो, मित्राने टाकलेला व्हिडिओ, कुठेतरी ते नाव अजून लटकत असेल. ज्याने टाकलं त्याला फोन करून काढायला सांगा. मग सोसायटीच्या, वाडीच्या, वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर चार ओळी टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा त्या जास्त कामाच्या आहेत. आणि शेजारच्या घरात कोण खेळतं, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या घरी जाऊन सांगा, आजच.